घोंगडीखाली दोघी

ठेचा अर्धाच वाटून झाला होता. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि खडेमीठ पाट्यावर एक झालं होतं, पण बिया अजून वरवंट्याखाली कुरकुरत होत्या. नीलाबाईनं दंडानं कपाळ पुसलं, मनातल्या मनात औंढ्याच्या नागनाथाचं नाव घेतलं आणि पुन्हा जोर लावला. शेजारी टोपल्यात भाकरी थापून, फडक्यात बांधून तयार होत्या. आज इतवार, माळफेरीचा दिवस.

"काहून गं, कुणाचं लगीन हाये आज?"

आवाज उजवीकडून आला म्हणून तिला ऐकू आला. नवरा दारात उभा होता. डावीकडून आला असता तर तो डोक्यावर येऊन उभा राहीपर्यंत तिला कळलं नसतं. डावा कान आठ वर्षांपूर्वी त्यानंच घालवलेला. अडलेली मेंढी तिच्या हातात दगावली, त्या रागात त्यानं उघड्या पंजानं एक ठेवून दिली होती. कानातून रक्त आलं, तीन दिवस गालावरून ओघळलं, आणि चौथ्या दिवशी त्या बाजूचं जग बंद झालं.

"लगीन कशाचं? इतवार हाये. माळावर जायाचंय."

"काल म्हणलं व्हतं ना, जायाचं न्हाई म्हणून?"

"काल तुमी म्हणलं. आज भाकरी झाल्या."

"लई जीभ आली तुला. पारावर लोक काय म्हणून राहिले माहिताय? प्रभूची बायको लंगड्या-भाजक्यांची मेंढरं राखती म्हणतेत."

"मंग खरंच बोलतेत. राखते."

त्यानं टोपल्याला लाथ घातली. फडकं सुटलं आणि भाकरी अंगणातल्या मातीत घरंगळल्या. ती उठायच्या आत त्यानं तिचा अंबाडा मुठीत धरला आणि मान मागं ओढली. पाट्याचा काठ तिच्या नडगीला लागला, कातडी सोलली. दुसरा हात उजव्या कानाच्या रोखानं वर गेलेला तिला दिसला.

तिची बोटं ठेच्यानं माखलेली होती. तो हात आपण ठरवून उचलला नाही, असं ती पुढं सांगायची. पण थांबवलाही नाही, हेही सांगायची. पाचही बोटं त्याच्या दोन्ही डोळ्यांत गेली.

"मेलो! अगं मेलो!" प्रभू गुडघ्यांवर बसला आणि डोळे चोळू लागला. चोळील तसा आणखी ओरडू लागला.

नीलाबाईनं पाण्याची बादली त्याच्या पुढ्यात आणून ठेवली. "चोळू नका. पाण्यात तोंड बुडवा." मग तिनं भाकऱ्या गोळा केल्या, एकेक झटकून पुन्हा बांधल्या, खुंटीवरची बापाची काळी घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली आणि निघाली. ठेचा तसाच पाट्यावर राहिला.

साखरा गावाच्या मागं माळ आहे. मुरमाड, खडकाळ, मधून एक ओढा. नीलाबाईचं बालपण त्याच माळावर मेंढरांमागं गेलं. माहेर दोन कोसांवरचंच. पण लग्नानंतर, आणि कान गेल्यावर तर फारच, ती घरात मिटली. पाणवठ्यावर बाया चुकीच्या बाजूनं बोलायच्या, तिला ऐकू यायचं नाही, मग हसायच्या. 'भैरी' हेच नाव पडलं. एकुलती लेक वाशीमकडं दिली आणि बोलायलाच कुणी उरलं नाही.

मग कनेरगाव नाक्याहून स्कुटीवर शितल नावाची पोरगी आली. संस्थेचं काम करायची. घरात अडकून पडलेल्या बायापोरींना पंधरा दिवसांतून एकदा रानात न्यायचं, चालायचं, खडक चढायचा, तीन दगडांवर स्वयंपाक करायचा, एकमेकींच्या भरवशावर ओढा ओलांडायचा, असं ते काम. तिला माळ ओळखणारं माणूस हवं होतं.

"यानं बायांचा आत्मविश्वास वाढतो, काकू," शितलनं समजावलं.

"कोणत्या झाडाला लागतो गं त्यो? मी तं सारा माळ हिंडले, मला न्हाई दिसला." नीलाबाई आठ वर्षांत पहिल्यांदा परक्या माणसासमोर हसली होती. आणि गेली होती.

पहिल्या फेरीला पाच जणी आल्या. नंतर अकरा. त्यांत सुकन्या होती. सासरी रॉकेल अंगावर पडलं की पाडलं हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण गळा आणि अर्धा गाल भाजलेला आणि त्यावर कायम ओढणी. आणि सतरा वर्षांची मंतशा. तिचा पाय कापसाच्या ट्रॉलीखाली गेला, हाड वेडंवाकडं जुळलं. दोन वर्षं पोरगी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. तिची आजी रहमतबी गाद्या शिवायची, कापूस पिंजायची, आणि गावात तिच्या जिभेला सगळे टरकून असत.

"लंगडी पोर माळावर? पागल हुई क्या?" रहमतबीनं पहिल्या दिवशी सुई रोखूनच विचारलं होतं.

"पाय तिचा मोडलाय. मन काहून मोडू देऊन राहिल्या, बी?"

रहमतबीनं सुई गादीत खोचली. मग म्हणाली, "जैसी लेके जा रही, वैसीच लाके देना. इतकंच सांगते."

"जशी नेते तशी आणते," नीलाबाईनं शब्द दिला.

त्या दिवशी मंतशा सात वेळा पडली. शितल धावली, तर नीलाबाईनं तिला काठीनं अडवलं. पडलेल्या कोकराला लगेच उचललं की ते पायांवर भार द्यायचं विसरतं, हे तिला बापाकडून ठाऊक होतं. ती पोरीपासून हातभर लांब काठी टेकवून उभी राहायची. "हात देणार न्हाई. काठी हाये, धर अन् ऊठ."

"तुमी लई दुष्ट हाव, नीलामौशी!" मंतशा रडत ओरडली होती.

"व्हय. ऊठ."

माळाच्या टोकाला टेकडी, टेकडीच्या माथ्यावर जुना पिंपळ आणि त्याच्या बुंध्याशी शेंदराचा म्हसोबा. नीलाबाईनं त्याला नवस बोलला होता: पोरगी स्वतःच्या पायानं वर चढू दे, त्याच दिवशी तुला ऊद घालीन. तेव्हापासून दर फेरीला ती पदराच्या गाठीला उदाची पुडी आणि गोवरीचा तुकडा बांधून नेई आणि तसाच परत आणी.

त्या इतवारी फाल्गुनाचं ऊन होतं, पळस पेटल्यासारखे फुलले होते. नीलाबाईची नडगी ठणकत होती, बोटं मिरचीनं भाजत होती, आणि डोक्यात एकच घोळत होतं, की संध्याकाळी घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय. पोरी काय बोलतायत याकडं तिचं लक्ष नव्हतं. म्हणून मंतशा टेकडीच्या निम्म्यावर कधी पोचली हे तिला कळलंच नाही. मागं वळून बघितलं तर पोरगी दात-ओठ खात चढत होती. काठी टेकायची, चांगला पाय, मग वाकडा पाय. एकदा घसरली, गुडघा फुटला, रक्त आलं. कुणी हात दिला नाही. शेवटचे चार दगड ती हातापायांवर चढली आणि माथ्यावर जाऊन उभी राहिली.

"मौशी! दिसून राहिलं का? आमच्या घराचे पत्रे दिसून राहिले!"

बायांनी एकच गलका केला. सुकन्यानं तिला मिठी मारली. नीलाबाईचे डोळे भरून आले. देवानं ऐकलं होतं. तिनं गाठ सोडली, म्हसोबापुढं गोवरी पेटवली, वर ऊद टाकला. पांढरा, दाट, गोड वासाचा धूर सरळ वर गेला. तिनं डोळे मिटून हात जोडले.

आणि हीच तिची चूक. तिचा बाप माघापासून चैतापर्यंत त्या पिंपळाखाली काडीसुद्धा ओढत नसे. त्या महिन्यांत वर आग्या मोहोळ लागतं. धनगराचं पोर असो की म्हातारं, ऊद घालायचा तो टेकडीच्या पायथ्याशी आणि वर न्यायचा फक्त नारळ, अशी रीतच होती. नीलाबाईला ती चालता यायच्या आधीपासून माहीत होती. पण सकाळच्या रागानं डोकं भरलेलं, त्यावर हा आनंद आला, आणि रीत सुटली. देवाचा त्यात काही दोष नव्हता. धूर तिनं केला होता.

बुंध्याच्या पलीकडच्या फांदीला सुपाएवढी तीन पोळी लटकत होती, काळी, जिवंत. पहिली घूं डाव्या बाजूनं उठली. तिला ऐकू आली नाही.

"मौशी, वर!" मंतशा किंचाळली.

फांदी सुटून पडावी तसं ते काळं खाली आलं. पहिला डंख नीलाबाईच्या भुवईत बसला, दुसरा ओठावर, मग मोजणं संपलं. बाया किंचाळत, हात उडवत पळत सुटल्या, आणि हात उडतील तशा माश्या जास्तच झोंबू लागल्या. एकीच्या केसांत इतक्या गुंतल्या की ती डोकं दगडावर आपटू लागली. शितल "पळा, पळा" ओरडत होती आणि तिच्या तोंडात माशी गेली.

"पळू नका! ओढ्याच्या झुडपात घुसा, तोंडं झाका!" नीलाबाई ओरडली. सुकन्यानं ऐकलं. तिनं अंगावरची ओढणी ओढून त्या डोकं आपटणाऱ्या बाईच्या डोक्याला गुंडाळली, तिला खेचत निघाली आणि बाकीच्यांना हाका मारत खाली उतरली.

मंतशाला पळता येत नव्हतं. ती माथ्यावर होती तिथंच उभी होती, दोन्ही हातांनी तोंड धरून, आणि तिच्या पाठीवर कुडता दिसत नव्हता, नुसत्या माश्या दिसत होत्या. नीलाबाईनं तिला लाथेनंच खाली पाडलं, वर स्वतः पडली आणि घोंगडी दोघींवर ओढली. बापाच्या घोंगडीची वीण जाड, पण एका माणसाच्या मापाची. पोरगी पुरती झाकली गेली. नीलाबाईचे पाय आणि एक खांदा बाहेर राहिला. बाहेर राहिलेलं अंग विस्तवावर धरल्यासारखं जळत होतं. घोंगडीच्या आत शिरलेल्या माश्या ती अंदाजानं मुठीत धरून चिरडत होती.

"मौशी, मी मरीन का?"

"गप पड. नाव घे तुझ्या देवाचं. मी माझ्याचं घेते."

दोघी पुटपुटत पडून राहिल्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग उजव्या कानाला दगडांवर पावलं वाजली. जड, ओळखीची.

प्रभू माग काढत आला होता. डोळे टोमॅटोसारखे सुजलेले, नीट दिसत नव्हतं, हातात बाभळीचा दांडका. माश्यांचा लोट ओढ्याकडं वळला होता, पिंपळाखाली थोड्याच उरल्या होत्या, आणि त्याला फक्त ती घोंगडी दिसली.

"लपून बसली का? माझ्या डोळ्यांत मिरच्या घालती?"

पहिला दांडका नीलाबाईच्या पाठीवर बसला. दुसरा खांद्यावर, आणि हाड मोडल्याचा आवाज तिला कानानं नाही, दातांत ऐकू आला.

"सरका, मौशी," खालून मंतशा म्हणाली. तिसऱ्यांदा दांडका वर गेला तेव्हा घोंगडीच्या काठातून एक काठी बाहेर आली आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून प्रभूच्या गुडघ्याच्या वाटीवर आदळली. तो कळवळून पडला. पोरीनं पडल्यापडल्या पुन्हा मारली, नडगीवर, मग हातावर. दांडका सुटला.

"मेरे मौशी को मारता!" ती रडतही होती आणि मारतही होती.

प्रभू शिव्या घालत, हात झाडत उठला. त्या हातांच्या हालचालीला फांदीवर उरलेलं पोळंही सुटलं. यावेळी त्याच्यावर. उघडं डोकं, उघडी छाती, आधीच आंधळे झालेले डोळे. तो गमछा फिरवू लागला.

नवऱ्याचं नाव नीलाबाईनं आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. आता घोंगडीखालून ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "प्रभू! पळू नको! पालथा पड, तोंड मातीत घाल!"

त्यानं ऐकलं नाही. तो टेकडीवरून गडगडत, धडपडत, बोंबलत खाली पळाला आणि तो काळा लोट त्याच्या मागं गेला.

बायांना तालुक्याच्या दवाखान्यात पोचवलं ते सुकन्यानं. दोन वर्षं जिनं तोंड दाखवलं नव्हतं, ती उघड्या, सुजलेल्या, भाजक्या तोंडानं डांबरी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि पहिली आली ती जीप अडवली. प्रभूही त्याच जीपमध्ये आला, पायाशी, शुद्ध हरपलेला. तो वाचला, पण त्याला पुढं हिंगोलीला हलवावं लागलं.

नीलाबाईच्या अंगातून बहात्तर काटे निघाले. गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं, हात गळ्यात बांधला. शितल सुजलेल्या ओठांनी खाटेशी येऊन बसली.

"काकू, संस्थेत वर कळवायचंय. मी लिहिते, माश्या अचानक उठल्या."

"अचानक न्हाई. धूर केला म्हणून उठल्या. अन् धूर कुणी केला तेही लिव्ह."

"मग तुम्हाला काढून टाकतील. कदाचित फेरीच बंद करतील."

"खोट्यावर चालली तं पुढच्या बारीला दुसरी कुणी तिथंच धूर करंल. लिव्ह."

शितलनं लिहिलं. तेवढ्यात दारातून रहमतबी आली. आधी ती मंतशाच्या खाटेपाशी गेली. पोरीचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, पाठीवर काळ्या-निळ्या गाठी उठल्या होत्या. तिनं ते पाहिलं, मग वळली आणि हात उगारून नीलाबाईकडं चालत आली. सगळा वॉर्ड बघत होता.

नीलाबाई हलली नाही. फक्त म्हणाली, "बी, मारा. पर उजव्या कानावर नको. त्यो एकच हाये."

रहमतबीचा हात तसाच वर राहिला. मग खाली आला आणि नीलाबाईच्या भुवईपाशी थांबला. डॉक्टरांच्या नजरेतून निसटलेला एक काटा तिथं होता. म्हातारीनं दोन नखांत धरून तो उपटला.

"वैसीच लाके देती बोली थी ना तू?"

"बोलले व्हते. न्हाई आणली तशी. चूक माझीच. धूर मी केला."

"दादी," खाटेवरून मंतशा बोलली. जीभ जड झाली होती, शब्द चिकटत होते. "मी वर चढले. आपले पत्रे दिसले. अन् मी त्याला मारलं. गुडघ्यावर. दोनदा न्हाई, चारदा."

रहमतबीनं नातीकडं पाहिलं. "चार बार?"

"पाच असतील."

म्हातारीचं तोंड वाकडं झालं. ती हसतेय की रडतेय ते कळेना. तिनं खाटेखाली पडलेली घोंगडी उचलली. तिच्यात मेलेल्या माश्या अडकल्या होत्या, एका बाजूला रक्त सुकलं होतं, दांडक्यानं एक जागा फाटली होती. तिनं ती बगलेत मारली.

"ही मी झाडून, सांधून देते. माश्यांचं सोड. त्या जनावर हायेत, त्यांचा कायदा त्यांच्यापाशी. पर त्यानं माझ्या पोरीवर लाकूड उचललं. त्येचं काय?" ती आवाज चढवून म्हणाली, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असा. "तू ठाण्यात जाऊन त्याच्या नावानं लिहून दे. मंतशा गवाही देईल. ते केलं, तं पोरगी न्यायला ये. न्हाई केलं, तं माझी दहलीज चढू नको."

"अन् संस्थेनं फेरीच बंद केली तं?" नीलाबाईनं विचारलं.

"माळ संस्थेचा हाये का?"

चौथ्या दिवशी नीलाबाई घरी आली. अंगणात बादली तशीच होती, पाणी आटलेलं. पाट्यावरचा ठेचा वाळून, काळा पडून दगडाला चिकटला होता. मुंग्यांनी शेंगदाण्यांचे कण तेवढे नेले होते. गावात दोन गोष्टी बोलल्या जात होत्या. एक, म्हसोबा कोपला. दुसरी, नवऱ्याच्या डोळ्यांत मिरच्या घालणाऱ्या बाईला आता ठाण्यात कोण विचारणार. पहिलीचं उत्तर तिच्यापाशी होतं आणि ती ते देवापुढं रोज देत होती. दुसरीचं नव्हतं. मिरच्यांचंही ती सांगणारच होती, आधीच.

ती एका हातानं पाटा धुवायला बसली. पाणी ओतलं, नारळाच्या शेंडीनं घासलं. वाळलेली मिरची भिजली तशी पुन्हा बोटांना झोंबू लागली. घासता घासता ती एकच शब्द हलक्या आवाजात म्हणून बघत होती, अडखळू नये म्हणून. प्रभू. प्रभू. साहेब विचारतील तेव्हा 'आमचे मालक' म्हणून चालणार नव्हतं.

पाटा भिंतीला टेकवून तिनं हात धुतला, देव्हाऱ्यापुढं दिवा लावला. बाहेर काठी वाजली. मंतशा दाराशी उभी होती, तोंडाची सूज निम्मी उतरलेली, खांद्यावर सांधलेली घोंगडी.

"मौशी, जीप निघून राहिली. चला."

"हात देऊ का?"

"काठी हाये," मंतशा म्हणाली.

नीलाबाईनं दार ओढून घेतलं. तिला सेनगावला ठाण्यात जाऊन नवऱ्याच्या नावानं तक्रार लिहून द्यायची होती.